बाकावरचा माणूस

आपण मेलो आहोत ही बातमी त्याला रविवारी सकाळी क्लबात कळली. सांगितली कुणीच नाही, सांगायला समोर कुणी नव्हतंच. टायरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल उघडा होता, दिवे लागलेले होते, आतून नळाचा आवाज येत होता, म्हणजे चिटणीस नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी येऊन कप विसळत होते. तो सवयीने आधी आपल्या डोंगराकडे गेला. डोंगरावर तो नव्हता. म्हणजे त्याचा माणूस नव्हता. छोट्या आगगाड्यांचा नाद असलेल्या लोकांचा हा क्लब, आणि इथे नवा सभासद आला की त्याने स्वतःचा एक नखाएवढा माणूस करायचा, रंगवायचा आणि लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या रूळ-स्टेशनांच्या देखाव्यात, आपल्याला आवडेल तिथे उभा करायचा, अशी पद्धत होती. कुणी फलाटावर उभं होतं, कुणी फाटकापाशी, चिटणीस अर्थातच स्टेशनमास्तरच्या कचेरीच्या दारात. त्याचा माणूस इतकी वर्षं डोंगराच्या कडेवर दोन्ही हात खिशात घालून उभा असायचा. आता तिथे सुकलेल्या डिंकाचा ठिपका होता. पडला असेल म्हणून तो वाकून पायथ्याशी शोधायला लागला, झुडपं बोटाने बाजूला सारली, रुळांमधली खडी चाचपली, आणि शोधता शोधता त्याची नजर पार टोकाच्या शेवटच्या स्टेशनाकडे गेली. त्या स्टेशनात फलाट एकच, आणि भिंतीलगत एक लांब बाक. त्या बाकावर क्लबातली गेलेली माणसं बसवतात. क्लब काढणारे पहिले अध्यक्ष तिथे बसले आहेत, त्यांच्या शेजारी एक पियानो दुरुस्त करणारे गृहस्थ, मग एक जाडे डॉक्टर. डॉक्टरांच्या शेजारी, हात खिशात तसेच ठेवून, तो बसला होता.

खरं तर घाबरायला हवं होतं, निदान चिडायला तरी. पण पहिल्यांदा वाटली ती शरम. भलत्याच दिवशी कुणाकडे जेवायला जाऊन उभं राहावं आणि घरच्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघावं, तशी. आल्या पावली परतावं, असंही मनात आलं. कुणी पाहिलं नव्हतं. सगळं इतकं नीट उरकल्यावर उगीच परत येऊन लोकांना त्रास कशाला! मग त्याने जवळ जाऊन बघितलं. काम सुबक होतं. उभ्या माणसाला बाकावर बसवायचं म्हणजे गुडघ्यात कापावं लागतं, मांड्या आडव्या करून पुन्हा चिकटवाव्या लागतात, आणि सांध्यावर रंगाचा हात द्यावा लागतो. इथे सांधा दिसतसुद्धा नव्हता. हे बाईंचं काम. बाई शाळेत गणित शिकवायच्या, क्लबात गाड्यांचं वेळापत्रक करायच्या, आणि त्यांचा हात असा होता की माशीला चष्मा लावला असता. आपले पाय कुणीतरी इतक्या काळजीने कापले हे बघून त्याला, वेड्यासारखंच, बरं वाटलं. गेल्या तीन आठवड्यांत बरं वाटण्याची ही पहिलीच वेळ होती.

तो कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे, तो त्यात प्लास्टर ओतायचा, वाळलेला जबडा बाहेर काढायचा आणि त्यावर मेणाच्या हिरड्या चढवून एकेक दात बसवायचा. तळघरातली खोली, फळ्यांवर ओळीने पांढरे जबडे, गुलाबी पावडर, आणि तिच्यात कालवायचं ते डोक्यात चढणारं औषध. हजारो माणसं त्याने दिलेल्या दातांनी जेवत होती आणि त्यांतला एक चेहरा सोडला तर बाकीचे त्याने कधी पाहिले नव्हते. उरलेलं प्लास्टर तो पिशवीत भरून क्लबात आणायचा. त्यातून लेआउटवर एक टेकाड झालं, टेकाडाचा डोंगर झाला, आणि क्लबातल्या लोकांनी त्याचं नावही डोंगर ठेवून दिलं. काय डोंगर, कसं काय? ठीक. डोंगर, जरा सरका, गाडी येतेय. एवढंच बोलणं, पण ते आठवडाभर पुरायचं. आज मात्र तो बोलायलाच आला होता. येताना सगळी वाट त्याने एक वाक्य घोकलं होतं, पाठांतराच्या तासाला उभं राहायचं असलेल्या मुलासारखं. माझा भाऊ गेला. भाऊ गेला माझा. कुठल्या क्रमाने म्हणावं हेही ठरत नव्हतं. मुळात आपल्याला भाऊ आहे हे क्लबात कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा आधी आहे म्हणून सांगायचं आणि त्याच दमात गेला म्हणून सांगायचं. पण सांगायला हवं होतं. मधल्या रविवारीही तो तळघरातच जाऊन बसला होता, तिथल्या जबड्यांना सांगून झालं होतं.

मेला होता तो दादा. चार वर्षांनी मोठा. दादा वीज कंपनीत मीटर तपासायचा, नोकरीभर शहरातल्या घराघरांत शिरून आला आणि निवृत्त झाल्यावर घराच्या बाहेर पडेनासा झाला. आई गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत हे दोघेच उरले. दोघांची लग्नं राहून गेली. का, तर एकाने विषय काढला नाही आणि दुसऱ्याने विचारलं नाही. भांडण कधी झालं नाही. भांडायला बोलावं लागतं. दूध संपलंय. आणतो. पंखा आवाज करतोय. हं. रात्री एक जण दिवा मालवायचा, दुसरा कूस बदलायचा, आणि यालाच घर म्हणायचं हे दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. मग एका सकाळी कशासाठी कोण जाणे, दादा बूट घालायला बसला आणि बसल्या जागी कलंडला. तो धावत बाहेर आला तेव्हा एका बुटाची नाडी बांधलेली होती, दुसरीची दोन टोकं जमिनीवर होती. त्याने आधी ती नाडी बांधली. मग दादाला हाक मारली. हा क्रम चुकला, असं त्याला पुढे रोज वाटत राहिलं. दादा कुठे निघाला होता, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

चिटणीस कपांचा ट्रे घेऊन बाहेर आले, चार पावलं चालले, आणि थांबले.

"तुम्ही," ते म्हणाले.

"मी," तो म्हणाला.

"पण तुम्ही तर..."

"हो. आत्ताच पाहिलं."

चिटणिसांनी ट्रे जवळच्या टेबलावर ठेवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. माणूस तोच होता. "अहो, आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो तुमच्यासाठी!" ते म्हणाले. स्वर तक्रारीचा होता. बिचाऱ्यांचाही दोष नव्हता. ते आयुष्यभर नियमाने वागलेले, आणि मेलेला सभासद परत आला तर काय करायचं हे क्लबाच्या नियमांत नव्हतं.

तेवढ्यात जिना दणाणला. बोगदा आला. खालचं टायरचं दुकान त्याचं, हॉलही त्याचाच, आणि लेआउटवर रूळ टाकायला दिले की हा पहिल्यांदा ते कुठल्या तरी भोकात घालणार, म्हणून बोगदा. तो दारातच खिळला. मग एकदम पुढे होऊन त्याने डोंगराचे दोन्ही दंड धरले, दाबून बघितले, टायरमधली हवा बघतात तसे.

"अरे, तू! आहेस!"

"आहे."

"मी रडलो रे तुझ्यासाठी. विचार यांना. रडलो की नाही?"

"रडले," चिटणीस म्हणाले. "थोडे."

मग सगळं बाहेर आलं. बोगदा पलीकडच्या गल्लीत राहायचा. जाताना त्याने याच्या इमारतीच्या दारात शववाहिनी बघितली, चादरीत गुंडाळलेला माणूस खाली आणताना बघितला. "खालच्या शिंप्याला विचारलं, कुठल्या मजल्यावरचे? म्हणाला, दुसऱ्या, डावीकडचे. आता दुसऱ्या मजल्यावर डावीकडे म्हणजे तू. मग पुढच्या रविवारी तू आला नाहीस. फोन केले, उचलत नव्हतास. मीच म्हटलं यांना, मेलेला माणूस फोन उचलेल कसा?"

"वर यायचं होतंस."

"कुणाला भेटायला?" बोगद्याने विचारलं. त्यात आडपडदा काही नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. "तू एकटा. तू गेलास म्हटल्यावर घरात कोण असणार? रिकाम्या घराची बेल कशाला वाजवायची?"

फोन वाजल्याचं त्याला आठवत होतं. दादाच्या पलंगावर बसून तो वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिला होता. उचलला तर बोलावं लागेल, आणि बोललं की ते खरं होईल, असं काहीसं तेव्हा वाटत होतं. फोन थांबला की बरं वाटायचं, आणि लगेच, कुणी फोनसुद्धा करत नाही, असं म्हणून वाईट वाटायचं. माणसाच्या मनाला काही ताळतंत्र नसतं. त्याने मान वळवली, नुसतंच दुसरीकडे कुठेतरी बघायला, आणि तेव्हा त्याला डोंगराच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला वर्तमानपत्राचा तुकडा दिसला. बोगदा पुढे झाला, "ते राहू दे, ते काही नाही," म्हणाला, पण तोवर त्याने कागद उचलला होता. आत भोक होतं. मूठ जाईल एवढं, कडा खडबडीत, आत जाळीच्या तारा उघड्या पडलेल्या. किती वर्षं बोगदा या एका गोष्टीसाठी त्याच्या मागे लागला होता! आणि तो, जो कधी कशाला नाही म्हणत नसे, या एका बाबतीत अडून बसला होता. माझ्या डोंगराला भोक पडणार नाही. त्याच्या तोंडून क्लबात निघालेलं सगळ्यात मोठं वाक्य तेच असेल.

"मला जाऊन महिनासुद्धा झाला नाही," तो म्हणाला. राग असा आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कानाच्या पाळ्या तापल्या. "महिनासुद्धा नाही! तू करवत घेऊन टपूनच बसला होतास."

"तुझी आठवण राहावी म्हणून केलं."

"भोक पाडून?"

"नाव तुझंच देणार होतो," बोगदा खाली बघून म्हणाला. "तशी पाटीसुद्धा रंगवायला दिली बाईंकडे."

चिटणीस खोकले. त्याला हसू यायला लागलं होतं आणि ते येऊ द्यावं की नाही हे कळत नव्हतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालायला कुणीतरी आहे, ही चैन त्याने फार दिवसांत केली नव्हती. तो स्टुलावर बसला. चिटणिसांनी त्याच्या हातात चहा दिला. मग त्याने ते विचारलं, जे खरं तर विचारू नये.

"काय बोललात माझ्याबद्दल?"

"म्हणजे?"

"दोन मिनिटं उभे राहिलात. आधी कुणीतरी बोललं असेल ना, चार शब्द."

"बोललो, मी बोललो," चिटणिसांनी जरा सावरून उभं राहत सांगितलं. "जुने सभासद. शांत स्वभाव. कधी तक्रार नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपण बरं, आपलं काम बरं." ते थांबले. आणखी काही होतं का ते आठवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. "मग उभे राहिलो. मग गाड्या सुरू केल्या."

चहा गरम होता आणि तो तसाच घशाखाली गेला. शांत स्वभाव. कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे शब्द त्याने ऐकले होते, अलीकडेच, आणि कुठे ते आठवायला वेळ लागला नाही, कारण ते त्यानेच म्हटले होते. दादाला निरोप द्यायला वीज कंपनीतले दोन म्हातारे आले होते, आणि शिंपी. त्यांतला एक म्हातारा म्हणाला होता, धाकटे बंधू ना तुम्ही, बोला चार शब्द. आणि धाकटा बंधू पुढे होऊन बोलला होता. दादा शांत होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग तोही थांबला होता, आणखी काही आहे का हे आठवत, आणि तिघे मान खाली घालून वाट बघत उभे होते. चिटणिसांनी आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या माणसाबद्दल जेवढं सांगितलं, तेवढंच त्याने एका खोलीत झोपणाऱ्या भावाबद्दल सांगितलं होतं. अक्षराचाही फरक नव्हता. मघाशी या लोकांवर आलेला राग आता कुणावर काढावा हे त्याला समजेना.

बाई कधी आल्या ते कळलं नाही. दारातच त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्या ओरडल्या नाहीत, दचकल्या नाहीत. पर्स खुंटीला लावून त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी काही बोलले नाही हो," त्या म्हणाल्या. "मला आठवेचना काही. तुमच्याबद्दल काय माहिती होतं मला? म्हणून म्हटलं, निदान पाय तरी नीट करू." मग हळूच विचारलं, "मग गेलं कोण?"

आता ते घोकलेलं वाक्य म्हणायचं होतं. "दादा," एवढंच तो म्हणाला, आणि हे लोक दादा म्हणजे कोण हे जाणत नाहीत हे लक्षात येऊन पुन्हा म्हणाला, "माझा मोठा भाऊ. आम्ही दोघं राहायचो."

बोगद्याने तोंडावरून हात फिरवला. तोच आधी बोलला, "मग ती दोन मिनिटं भावाच्या नावावर करा की, चिटणीस. वाया कशाला घालवायची? आणि बाकावर जागा झालीच आहे, तर भावाला बसवा तिथे."

"बाक सभासदांसाठी आहे," चिटणीस म्हणाले. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पण मग त्यांनी बाकाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "नियम बदलता येईल. सगळे तयार असतील तर. पण बाक म्हणजे काय, माणूस ओळखू यायला हवा ना. कसे दिसायचे, कसे उभे राहायचे, काय आवडायचं त्यांना. सांगा तुम्ही. बाई करतील."

बाईंनी स्टूल ओढलं. तिघेही त्याच्याकडे बघत होते, आणि त्याने तोंड उघडलं. दादाचं तोंड त्याला पाठ होतं. वरची हिरडी डावीकडे झिजलेली, टाळू खोल, खालचा जबडा जरासा पुढे. दादाची कवळी त्यानेच केली होती, ठसा घरीच घेतला होता, दादाने आ करून धरलेला आणि याने दोन बोटांनी त्याची जीभ दाबलेली, दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर. लहानपणानंतर ते तेवढे जवळ तेव्हाच आले असतील. त्या तोंडातला प्रत्येक उंचवटा तो आत्ता प्लास्टरशिवाय कागदावर काढून दाखवू शकला असता. पण ते तोंड कशाला हसायचं? कुठलं गाणं गुणगुणायचं? गुणगुणायचं का? इतक्या घरांत जाऊन आलेल्या माणसाने एकाही घरातली गोष्ट कशी सांगितली नाही? की सांगायला बसला होता आणि याने हं म्हणून पेपर उघडला होता? ते तिघे थांबले होते, चिटणीससुद्धा घड्याळाकडे बघत नव्हते.

"अवघड नका करून घेऊ," बाई म्हणाल्या. "सोप्यातलं काही सांगा. तुम्ही दर रविवारी सकाळपासून इथे. ते काय करायचे रविवारी दिवसभर?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

आणि त्याला रडू आलं. तीन आठवडे न आलेलं ते असं चारचौघांत, हातात कप असताना आलं, आणि आवरेना. बोगदा त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिला, जरा जोरातच. बाईंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. चिटणीस शेवटच्या स्टेशनाकडे गेले, बाकावरचा त्याचा माणूस नखाने अलगद सुटा केला, आणि परत येऊन तळहात पुढे केला. माणूस बसलेलाच होता. जिवंत असूनही आता त्याला उभं राहता येत नव्हतं.

"पाय सरळ करून देते," बाई म्हणाल्या. "दिसणारसुद्धा नाही."

"आज नको," तो म्हणाला. त्याने नाक पुसलं, उठला. "मी जरा घरी जातो."

"आत्ता? गाड्या सुरू व्हायच्यात अजून."

"चालू द्या." दारापाशी जाऊन तो वळला. "आणि ते दुसऱ्या बाजूनेही पाड. अर्धवट भोक नको ठेवूस."

"मी येऊ बरोबर?" बोगद्याने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात ये. वर ये. बेल वाजव."

रविवारी भर दिवसा आपली गल्ली कशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं. शिंप्याचं दुकान अर्धं बंद होतं. जिन्यात कुणाच्या तरी घरातून रेडिओ येत होता. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर दार बंद दिसलं, आणि तो काही क्षण तसाच उभा राहिला, मग खिशात चावी शोधली. कुलूप जड होतं, चावी दोनदा काढून घालावी लागली. आत ऊन भिंतीच्या मध्यापर्यंत आलं होतं. या वेळी इथे ऊन येतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. दादाच्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता, आज बसला. खुर्चीचं तोंड खिडकीकडे नव्हतं, दाराकडे होतं. वाऱ्यासाठी असेल, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. बसल्यावर कळलं की वारा इथे येतच नाही. येतो तो जिना. जिन्यातली प्रत्येक चाहूल या खुर्चीत येऊन पोचत होती. कुणी खालून आलं, पहिल्या मजल्यावर थांबलं, किल्ल्या वाजल्या. कुणी भरभर वर गेलं, ते तिसऱ्या मजल्यावरचं. एक मूल पायऱ्या मोजत उतरलं. ऊन भिंतीवरून सरकून पलंगावर आलं, पलंगावरून निघून गेलं. दादाने इथे बसून काय केलं असेल, वाचलं असेल, डुलकी घेतली असेल, असं तो स्वतःशी म्हणत राहिला, आणि मग रोजची, म्हणजे रविवारची, त्याची घरी यायची वेळ झाली आणि त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून कान देऊन बसलो आहोत. पाय जरा घासत, मधल्या वळणावर दम खात चढणाऱ्या एका माणसाच्या चाहुलीसाठी. तो माणूस तर आत येऊन बसला होता. दादा होता तोवर रविवारी आपल्याला कधी चावी लावावी लागली नव्हती, हे त्याला इतक्या वर्षांनी आत्ता आठवलं. दुसऱ्या मजल्यावर पोचावं आणि दार उघडं असावं. आत शिरावं, स्वेटर काढावा, हं म्हणावं. उघडं कसं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

खाली जिन्यावर कुणाचे तरी पाय वाजले. कुणाचे ते ओळखू आले नाहीत. तो उठला, कडी काढली, दार पुरतं उघडलं, आणि परत येऊन दादाच्या खुर्चीत बसला.